स्टिअरिंगवरचे हात

१

गाडी कशी वाटली असं कुणी विचारलं, तर मी आजही चांगलंच सांगेन, कारण ती खरोखर चांगली होती. पांढरी, आटोपशीर, पण जमिनीपासून भरपूर उंच. बर्फ वितळला की कोच्कोरमधल्या आमच्या गल्लीत जे खड्डे पडतात, त्यांतून ती कुरकुर न करता जायची. हीटर दोन मिनिटांत तापायचा. डिकीत एनेंची चाकांची खुर्ची घडी घालून आडवी बसायची आणि वर पिठाचं पोतंही मावायचं. जुन्या गाडीत ती खुर्ची टपावर दोरीने बांधावी लागे आणि बालिक्चीच्या वाऱ्यात ती कधी उडून जाईल याचा नेम नसे.

एने म्हणजे माझ्या सासूबाई, बुरुल. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी होऊन दोन वर्षं झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी दहा वाजता बालिक्चीच्या इस्पितळात जायचं, चार तास यंत्राला जोडून रक्त धुवून घ्यायचं आणि परत यायचं. तासाभराचा रस्ता. जानेवारीत जुनी गाडी धरणाजवळ बंद पडली, एक खेप चुकली आणि दोन दिवसांत एनेंच्या फुप्फुसात पाणी भरलं. श्वासासाठी तडफडताना त्यांनी माझं मनगट धरलं होतं, त्याचे वळ आठवडाभर गेले नाहीत. तेव्हाच मी नवऱ्याला, मेलिसला, फोनवर सांगितलं, "गाडी पाठव, नाहीतर स्वतः ये." तो रशियात इमारतींना फरश्या बसवतो. तो आला नाही, गाडी आली.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. मला माझी आई आठवत नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. घरी कोण असतं असं कुणी विचारलं तर माझ्याकडे एकच उत्तर होतं: एने. त्यांनी अकरा वर्षांत मला एकदाही चांगलं म्हटलं नाही, हा भाग वेगळा.

गाडी आली त्या दिवशी शेजारणींनी बोनेटवर शकुनाच्या म्हणून मुठी भरभरून गोड गोळ्या उधळल्या आणि रंगाला दोन ओरखडे पाडले. एनेंनी रानातल्या अर्चाची, म्हणजे सुवासिक जुनिपरची, फांदी पेटवून चारी चाकांना धूर दिला.

"आता कुणातरी म्हाताऱ्या माणसाला बोलावून दुआ घ्यायला हवी," त्या म्हणाल्या.

"विमा काढलाय, एने."

"विमा तुझ्या सासऱ्यानेही काढला होता. तो गेल्यावर त्या विमावाल्यांनी जेवणाला एक मेंढीसुद्धा पाठवली नाही."

या गाडीत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ती रस्त्यावरचे पट्टे ओळखून आपली आपण मार्गात राहायची. अट एकच, हात स्टिअरिंगवर हवेत. हात काढले की सात सेकंदांनी समोरच्या पडद्यावर दोन लाल हात उमटायचे, टणटण सुरू व्हायची आणि एक रशियन बाई बजावायची: हात स्टिअरिंगवर ठेवा. स्टिअरिंगच्या कातड्याखाली तार असते आणि उघड्या तळव्याचा स्पर्श तिला समजतो. हातमोजे घातलेले हात तिला कळत नाहीत. हे सगळं मी एनेंना उत्साहाने समजावून सांगितलं.

"म्हणजे हिच्यात सासूही बसवून दिलीय," एने म्हणाल्या.

बालिक्चीच्या रस्त्यावर चार कबरस्तानं लागतात. कबरस्तान आलं की गाडीतल्या प्रत्येकाने तिथल्या मृतांसाठी दुआ म्हणत दोन्ही तळवे उचलायचे आणि चेहऱ्यावरून खाली फिरवायचे. ड्रायव्हरनेसुद्धा. बसचे ड्रायव्हर तेवढा वेळ गुडघ्यांनी स्टिअरिंग धरतात. त्या पहिल्या सोमवारी दुसरं कबरस्तान आलं, धरणाच्या अलीकडचं, वळणावरचं. नवी गाडी, लख्ख ऊन, मी अगदी खुशीत होते. दोन्ही हात उचलले आणि कबरींवरच्या मातीच्या घुमटांकडे बघत म्हणाले, "कुणीतरी जरा धरा हं तेवढं."

एनेंनी मान वळवली. "कुणाला सांगतेस?"

"गंमत हो, एने."

"गंमत जिवंत माणसांशी करावी."

रागावल्यामुळे की काय, त्यांची दुआ लांबली. त्या थांबेपर्यंत मीही तळवे चेहऱ्यावरच ठेवले. वळण गेलं, धरणाचं पाणी दिसायला लागलं. टणटण झालीच नव्हती.

२

बुधवारी मी सेकंद मोजले.

सरळ रस्त्यावर हात काढले, सात सेकंदांनी टणटण. पहिल्या कबरस्तानापाशी सात सेकंदांनी टणटण, आणि एनेंनी त्या रशियन बाईला एक शेलकी शिवी दिली. दुसऱ्या कबरस्तानापाशी मी वीसपर्यंत मोजलं. पडदा शांत. गाडीने ते वळण अलगद घेतलं आणि मी हात ठेवल्यावर ती जराशी अडखळली, बस.

मी स्वतःला भित्री समजत नाही. तिथून विजेच्या मोठ्या तारा जातात हे मी परतीच्या वाटेवर मुद्दाम पाहून घेतलं. तारा म्हणजे विद्युतक्षेत्र, विद्युतक्षेत्रात तो नाजूक संवेदक फसणार. सातवीच्या मुलांनाही पटावं असं उत्तर होतं. मला ते इतकं आवडलं की रात्री मेलिसला फोनवर ऐकवलं.

"तू गाडी चालव की, कशाला शाळा भरवतेस तिथे," तो म्हणाला. "आईला वेळेवर पोचवतेस ना?"

"वेळेवर पोचवते."

"मग झालं तर."

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. त्या दिवशी इस्पितळाबाहेर गाडी चार तास वाऱ्यात उभी होती. दुपारी दार उघडलं तेव्हा आत तोंडातून वाफ निघत होती, सीट गारठलेली, स्टिअरिंग बर्फासारखं. फक्त वरच्या अंगाला, उजवीकडे आणि डावीकडे, तळव्याएवढ्या दोन जागा कोमट होत्या. स्टिअरिंग तापवायची सोय मी कधी चालूच केली नव्हती. आणि मी स्टिअरिंग नेहमी खाली धरते. जुन्या गाडीत वर धरायला जोर लागायचा, तेव्हापासूनची सवय.

ऊन काचेतून आलं असेल, असं मी ठरवलं. त्या दिवशी ऊन नव्हतं.

३

पुढच्या आठवड्यात टणटण तिसऱ्या कबरस्तानापाशीही बंद झाली. मग पहिल्या आणि चौथ्या. तिथे विजेच्या तारा नव्हत्या. मी हात जितका वेळ वर ठेवीन तितका वेळ गाडी नीट चालायची, ट्रकच्या मागे वेग कमी करायची, खड्डा दिसला की बाजूने जायची. गाडीला खड्डे दिसत नाहीत. पुस्तिका मी तीनदा वाचली, खड्ड्यांबद्दल तिच्यात एक अक्षर नव्हतं.

"आज बरी चालवलीस," एका शुक्रवारी एने म्हणाल्या.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात?"

"त्या वळणावर म्हणते मी. एरवी पिठाचं पोतं घेऊन चालल्यासारखी हिसके देतेस. तिथे कशी पोटातलं पाणी हलू दिलं नाहीस."

त्या वळणावर माझे दोन्ही तळवे माझ्या गालांवर होते. एने माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि त्यांना हे दिसत होतं. निदान दिसायला हवं होतं. अकरा वर्षं मी या बाईच्या तोंडून एका बऱ्या शब्दाची वाट पाहत होते आणि तो मिळाला तो असा. भीती वाटायच्या आधी मला राग आला, आणि तो राग मत्सराचा होता हे मी कबूल करते.

सोमवारी त्यांनी हद्द केली. डॉक्टरांनी त्यांना खारट खायला सक्त मनाई केली आहे, तरी त्यांच्या कोटाच्या खिशात सुक्या दह्याचे खारे गोळे, कुरुत, लपवलेले असतात. तिसऱ्या कबरस्तानापाशी मी डोळे मिटून तळवे फिरवत होते. डोळे उघडले तेव्हा एनेंचा हात माझ्या बाजूला पसरलेला होता. रिकामा.

"काय हवंय, एने?"

"मला काय हवंय? तूच घेतलंस की कुरुत."

"मी नाही घेतलं."

"मग काय हवेत गेलं? हातातून उचललंस, थँक्यूसुद्धा म्हणाली नाहीस. खा, खा. डॉक्टरला सांगू नकोस म्हणजे झालं."

इस्पितळाच्या आवारात मी सीट मागेपुढे केल्या, पायाखालचे रबरी गालिचे झटकले, बॅटरी घेऊन फटींत पाहिलं. वाळूचे कण निघाले, एक गोळीचा कागद निघाला. कुरुत कुठेही नव्हतं.

४

बुधवारी मी हात उचलायचेच नाहीत असं ठरवलं. शेवटी तर्क सोपा होता. मी सोडलंच नाही, तर कुणी धरण्याचा प्रश्नच कुठे येतो?

दुसरं कबरस्तान आलं. एनेंनी तळवे उचलले आणि माझ्याकडे पाहिलं. "हात."

"रस्ता निसरडा आहे, एने."

"कोरडा ठणठणीत आहे. हात उचल, सूनबाई. तिथे कुणाकुणाचे आईबाप निजलेत."

मी स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं. हातमोजे काढून मागे टाकले होते, बोटांची पेरं पांढरी पडली होती. आणि पडद्यावर ते दोन लाल हात उमटले.

टणटण. हात स्टिअरिंगवर ठेवा.

मी बोटं उघडून पुन्हा मिटली. तळवे कातड्यावर घासले. हात वर नेले, खाली आणले. टणटण. हात स्टिअरिंगवर ठेवा. माझे हात तिथेच होते, मला दिसत होते, तळव्यांना कातड्याची शिवण टोचत होती.

"अगं धर की ते!" एने ओरडल्या. "सोडलंस कशाला?"

"धरलंय मी! हे बघा ना!"

पण त्यांची नजर माझ्या हातांवर नव्हती. स्टिअरिंगच्या वरच्या भागाकडे त्या पाहत होत्या. मग एकाएकी त्यांचा चेहरा निवळला. "हां," त्या म्हणाल्या, "असं."

टणटण थांबली. वळण आलं आणि स्टिअरिंग माझ्या तळव्यांखालून सरकत शांतपणे वळलं. मी जोर लावून पाहिला. माझी पकड लहान मुलाची असावी तसं ते निघून गेलं. बालिक्चीपर्यंत मी हात नुसते ठेवून बसले होते. ब्रेकवर पाय मारायचं धाडस झालं नाही, कारण शेजारी एने होत्या आणि मागे कोळशाचा ट्रक.

गुरुवारी गाडी गॅरेजमध्ये नेली. रस्ताभर ती मुकाट्याने माझं ऐकत होती. मेकॅनिकने स्वतः बसून फेरी मारली. त्याच्या हातांत सगळं बरोबर चाललं. मी बसले, लाल हात उमटले. त्याने माझे तळवे उलटसुलट करून पाहिले.

"खडूने कातडी सुकलीय, ताई. कोरडा हात तारेला लागत नाही. मलम लावत जा."

मी दुकानातून मलमाची डबी घेतली. पण त्याच वेळी मनाशी ठरवलं, एनेंना या गाडीत पुन्हा बसवायचं नाही.

५

शुक्रवारी आमच्या गल्लीतला शार्शेनदादा आम्हाला नेणार होता. त्याची गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी. ती थंडीत ढकलल्याशिवाय सुरू होत नाही, म्हणून आठला मी गल्लीच्या टोकाला त्याच्याकडे गेले. एनेंना चहा देऊन, कोट घालून, दारापाशी खुर्चीत बसवलं होतं. पांढऱ्या गाडीची किल्ली माझ्या खिशात होती. जायला-यायला वीस मिनिटं लागली असतील.

त्याच्या गाडीतून परत आले तर फाटक सताड उघडं. अंगणात गाडी नव्हती. एने नव्हत्या, त्यांची खुर्चीही नव्हती.

खिशात हात घातला, किल्ली होती. घरात धावत जाऊन पत्र्याचा डबा उघडला, दुसरी किल्लीही होती. एनेंचा फोन वाजत राहिला.

"चोर म्हातारीला खुर्चीसकट पळवतो होय?" शार्शेनदादा डोकं खाजवत म्हणाला. "मेलिस तर नाही ना आला गुपचूप?"

"बस, दादा. बालिक्चीला चल."

रस्त्यावर मी प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक उतारावर पांढरं काहीतरी शोधत होते. आज खेप चुकली तर रविवारपर्यंत छातीत पाणी होणार, एवढंच डोक्यात घुमत होतं. कबरस्तान आलं की दादा हात उचलायचा आणि गाडी भेलकांडायची. मीही हात उचलले. काही मागितलं नाही. मागायची भीती वाटत होती.

पावणेदहाला इस्पितळात तोलकुन नर्सने माझा फोन उचलला. "आल्या की, आत्ताच. सुईसुद्धा टोचली. तू गाडी लावून ये, सावकाश ये. धापा का टाकतेस?"

जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी पुन्हा उडाला.

एने नेहमीच्या पलंगावर होत्या. नळ्यांमधून रक्त फिरत होतं, यंत्र आपल्या लयीत टकटकत होतं, त्यांचे गाल गुलाबी दिसत होते. मी गुडघ्यांवर बसून त्यांचा मोकळा हात दोन्ही हातांत घेतला आणि मला रडू आलं.

त्यांनी हात किंचित मागे घेतला. "किती गार हात तुझे. मघाशी तर कसे ऊबदार होते."

"मघाशी कुणाबरोबर आलात, एने?"

त्या माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. परक्या माणसाला ओळखायचा प्रयत्न करताना पाहतात तसं, मायेने, पण लांबून. "सुनेबरोबर."

"तुमची सून मी आहे. मी, जिपार."

"माझी सून बाहेर गाडीत आहे," त्या हळूच म्हणाल्या, शेजारच्या पलंगाला ऐकू जाऊ नये अशा बेताने. "आताशा फार बोलत नाही. पण गाडी अशी चालवते की मला झोप लागते."

तोलकुन हसली. "रक्तदाब उतरला की म्हातारी माणसं बरळतात. उद्या तुला राष्ट्राध्यक्ष म्हणतील, मनावर घेऊ नकोस."

मी मान हलवली. रक्तदाब उतरतो आणि माणसं बरळतात, हे खरंच आहे. पण खिडकीतून आवाराकडे बघायला मला चार तासांत एकदाही जमलं नाही.

६

दोन वाजता सुया निघाल्या. शार्शेनदादा टायर घ्यायला बाजारात गेला होता, तीनपर्यंत येतो म्हणाला होता. आतच थांबू, असं मी म्हणत होते, पण एने ऐकेनात. "ती वाट बघतेय," एवढंच त्यांचं चाललं होतं. मी खुर्ची ढकलत दाराबाहेर आणली.

पांढरी गाडी पायऱ्यांना लागून उभी होती. इंजिन चालू होतं. पुढच्या काचेवर ऊन इतकं होतं की आतलं काही दिसत नव्हतं. मी ड्रायव्हरच्या बाजूला गेले, दाराची मूठ ओढली. कुलूप होतं. मग मी बाजूच्या काचेला हाताचा आडोसा करून आत पाहिलं.

स्टिअरिंगच्या वरच्या भागावर दोन हात होते. बोटांच्या पेरांत खडू भरलेला. डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग, गेल्या वर्षी प्रयोगशाळेत मला पडला तो. बोटात माझी अंगठी. मी माझ्या बोटाकडे पाहिलं, तिथेही ती होती. मनगटांच्या वर मी नजर नेली नाही.

मागे वळले तेव्हा एने खुर्चीतून उठून पलीकडच्या दाराला धरून उभ्या होत्या. दार उघडं होतं. मी धावत गेले, त्यांच्या कोटाची बाही पकडली.

"एने, नका जाऊ. दादा येतोय, त्याच्या गाडीतून जाऊ. शिव्या द्या, मारा मला, पण हिच्यात बसू नका."

त्या थांबल्या. सावकाश वळल्या आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. चोळले. वाकून त्यांवर तोंडाची वाफ सोडली, एकदा, दोनदा. माझे हात गरम होईनात. एनेंचे डोळे भरून आले.

"बाळ," त्या म्हणाल्या, "तू कुणाची आहेस मला माहीत नाही. मुलगी चांगली दिसतेस. इतक्या लांब चालत आलीस बिचारी. पण आता परत जा. आपल्या माणसांत जाऊन नीज. आम्ही जाता-येता तळवे उचलतोच, ती दुआ तुलाही पोचेल."

त्यांनी बाही सोडवून घेतली, आत बसल्या, पट्टा लावला. दार बंद झालं. गाडीने डावा दिवा दाखवला, फाटकाजवळचा खड्डा अलगद टाळला आणि कोच्कोरच्या रस्त्याला लागली. एनेंनी डोकं मागे टेकलं होतं. झोप लागली असावी.

रिकामी खुर्ची धरून मी पायऱ्यांपाशी उभी राहिले. अकरा वर्षांत त्यांनी मला बाळ म्हटलं ते त्या दिवशी, पहिल्यांदा.